ओला चुना

आबा, तुमची चुन्याची डबी माझ्याकडं आहे. ती दरडीखाली गेली नव्हती आणि धाकट्या भावानंही हरवली नव्हती. त्या डबीपायी तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत, ती खरी माझ्या वाट्याची होती. हे आधी सांगून टाकते, कारण 'नंतर सांगू, नंतर सांगू' करत मी साठी ओलांडली आणि तुम्हाला जाऊनही वीस पावसाळे होत आले. लिहायला घेतलीय ती माझी जुनी टाचणवही आहे, शाळेत शिकवत होते तेव्हाची. मागची पानं कोरी होती. तुम्हाला सुतळीचा तुकडा टाकवायचा नाही, मला वही टाकवत नाही. इथं पारगावात सकाळपासून लाईट नाही, उसाच्या सऱ्या पाण्यानं भरल्यात, आणि मधल्या खोलीत धाकट्याची सून तिच्या चार वर्षांच्या लेकीला थोपटतेय. धाकट्याचा पोरगा ओसरीत तोंड फुगवून बसलाय. तुमचा नातू तो. माझ्यावर रागावलाय. रागवू दे. रागवायला माणूस जागेवर असावा लागतो, आणि तो आहे.

तुम्ही मेंढरं राखत मोठे झालात. आजोबांच्या मागं रानोमाळ हिंडून तुमच्या तळपायाला जमीन कळायची. पुढं खाली धरणाची भिंत चढायला लागली, नदीकाठची वाडी पाण्यात जाणार म्हटल्यावर आपण सगळे वर सरकलो, आणि तुम्ही डोंगर पाठीशी घेऊन दगडमातीचं घर बांधलंत. लोक म्हणायचे, आबाचं घर डोंगराच्या कुशीत आहे. तुम्हाला हसू यायचं. "कूस न् फिस काय नाय. उतार हाय त्यो. त्याला खालीच यायचंय, आज न्हाई तर उद्या. आपुन फकस्त इचारत ऱ्हायाचं, कवा येतूस म्हनून." तुमच्या त्या विचारायच्या तऱ्हा मला अजून पाठ आहेत. झाडाचं बूड बघायचं, सरळ वर गेलंय की खालच्या अंगाला वाकून मग वर वळलंय. झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बघायचं, आणि गढूळ आलं की घरी येऊन गप्प बसायचं. घराच्या वरच्या अंगाला खणलेला चर पावसाआधी साफ करायचा, म्हणजे डोंगरावरचं पाणी घराला वळसा घालून ओढ्याला जाईल. "व्हात्या पान्याला भ्यायाचं न्हाई, पोरी. मुरत्या पान्याला भ्यायाचं." पुढं मी सातवीच्या पोरांना भूस्खलनाचा धडा शिकवला तेव्हा पुस्तकात हेच सगळं निघालं, फक्त शब्द जड होते. पोरं म्हणायची, बाई हा धडा पुस्तक न उघडता शिकवतात. ते खरं होतं. पण एक गोष्ट मी कुठल्याच वर्गाला सांगितली नाही, ती तुमच्या ठिपक्याची.

मागच्या खोलीत, जिथं कणग्या आणि कांदे असायचे, डोंगराकडच्या भिंतीला एक चीर गेली होती. दुसऱ्या कुणी ती लिंपून टाकली असती. तुम्ही कुणाला लिंपू दिली नाही. होळी झाली, ऊन तापायला लागलं, की तुम्ही चंचीतून डबी काढायचात, तंबाखूच्या चुन्यात चिमूटभर गूळ मळायचात आणि चिरेवर आडवा एक ठिपका द्यायचात, चार बोटं रुंद. दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात तो दगडासारखा टणक व्हायचा. डोंगरानं भिंतीला रेटलं की चीर रुंदावणार, आणि चीर रुंदावली की वाळलेला चुना मधोमध तडकणार. एवढा साधा हिशेब. पुढं कुठंतरी ऐकलं की मोठे इंजिनियर अशा चिरेवर काचेची पट्टी चिकटवतात. तुमचं इंजिनियरिंग डबीत मावायचं. पावसाळ्यात सकाळी वाडीतलं कुणी ना कुणी दारात यायचं, "आबा, काय म्हनतोय डोंगर?" तुम्ही कंदील घेऊन आत जायचात आणि बाहेर येऊन सांगायचात, "निजलाय. जावा कामाला." आणि माणसं खरंच कामाला जायची! नियम एकच होता, तो तुम्ही जेवताना दर दोन दिवसांनी आम्हाला ऐकवायचात. ठिपका तडकला की त्याच दिवशी घर सोडायचं, भाकरी तव्यावर असली तरी.

त्या श्रावणात पारगावचं स्थळ आलं. त्याआधीची दोन स्थळं चिखल आणि उतार बघून खालूनच परत गेली होती. 'पोरगी चांगली हाय वो, पर ह्या डोंगरात येनं-जानं कोन करनार?' ह्या लोकांनी मात्र निरोप धाडला होता, पोरगी बारावी पास आहे, पुढं शिकायचं असेल तर शिकू दे. आबा, ते ऐकल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. रविवारी बघायला येणार होते. शुक्रवारी दुपारी आई म्हणाली, "मागच्या खोलीला पांढऱ्या मातीचा हात मार. पर ठिपक्याला शिवू नको, बाप खवळंल." आठवडाभर पाऊस लागून होता. मी चिमणी घेऊन आत गेले, आणि ठिपका तडकलेला. केसाएवढाच, पण वरपासून खालपर्यंत. तुम्ही चरावर गेला होतात, आई चुलीपाशी, धाकटा शेरडांमागं. एक हाक मारायची होती. हाक मारली असती तर दिवस मावळायच्या आत आपण अंथरुणं-पांघरुणं घेऊन खालच्या देवळात जाऊन पडलो असतो, आणि रविवारी पावण्यांना देवळाच्या ओट्यावर बोचक्यांत बसलेलं कुटुंब दिसलं असतं. मग कसलं स्थळ आणि कसलं शिक्षण! भिजू नये म्हणून तुम्ही चंची खुंटीला अडकवून गेला होतात. मी डबी काढली आणि बोटानं चुना त्या केसावर भरला. ताजा चुना अंधारातही पांढराशुभ्र दिसायला लागला, म्हणून वरून चुलीतली राख फासली. अक्कल बघा माझी. बारावी पास!

तेवढ्यात आईनं हाक मारली आणि डबी कमरेला खोचली ती खोचलेलीच राहिली. संध्याकाळी तुम्ही ओलेचिंब आलात, तंबाखू तळहातावर घेतली, आणि डबी नाही. तुम्ही कुणावर हात उगारायचा नाहीत, पण तंबाखूचं नाव निघालं की तुमचं डोकं जाग्यावर नसायचं. धाकटा तेव्हा दहा वर्षांचा, चुन्यानं दगडांवर बैल काढायची खोड त्याला. "म्या न्हाई घेतली आबा, देवाशपथ!" खाडकन आवाज आला. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. नंतर गुपचूप परत ठेवावी म्हटलं, तर तुम्ही विचारलं असतं कुठं घावली म्हणून, आणि मला तोंडानं खोटं बोलणं जमत नव्हतं. हातानं जमून गेलं होतं तेवढं पुरे होतं.

रविवार. पावणे आलेत, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मुलाचे चुलते बोलके आहेत. "राव, डोंगराच्या तोंडाशी ऱ्हाता, भ्या नाय वाटत?" तुम्ही ह्याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखे उठता. "चला, दावतो." कंदील घेऊन तुम्ही त्यांना मागच्या खोलीत नेता, आणि मी चहाचा ट्रे धरून दारात उभी. तुम्ही त्यांना चीर दाखवता, होळीपासूनची सगळी हकीकत सांगता, आणि ठिपक्यावर अंगठा टेकवता. जरा वेळ तसेच थांबता. मला तुमची पाठ तेवढी दिसतेय. मग तुम्ही म्हणता, "साबूत हाय." चुलते म्हणतात, "आवं, डोकं म्हनायचं का काय हे!" त्याच बैठकीत सुपारी फुटली.

रविवारनंतर तुम्ही डबी शोधायचं सोडलंत. आमची सगळ्यांची अंथरुणं मागून पुढच्या ओसरीत आणलीत. आईनं विचारलं तर म्हणालात, "ओल येती मागं." रोज एकेक पोतं खालच्या देवळात नेऊन ठेवायला लागलात. कुणी विचारलं की "लगीन ठरलंय, घरात जागा नको का?" मला वाटलं, लग्नाची धांदल. मी चुना भरल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला, आणि आई उरलीसुरली नाचणी काढायला मागच्या खोलीत गेली. तुम्ही वर चरावर होतात. तुमची आरोळी ऐकू आली, "भायेर निगा! भायेर!" आणि मागची भिंत आत आली. आवाज फार मोठा नव्हता, आबा. मी पुढं कैक वर्षं पोरांना सांगायचे की दरड कोसळताना गडगडाट होतो. आपल्याकडं नुसतं कणगी रिकामी केल्यासारखं झालं. गोठ्यातले दोन्ही बैल गेले. आई मांडीपर्यंत मातीत. तुम्ही तिला हातांनी उकरून काढलंत, तुमच्या बोटांतून रक्त येत होतं. ती वाचली, पण जन्मभर डावा पाय ओढत चालली. माझ्या लग्नात अक्षता टाकायला उठली तेव्हा मी मान वर केली नाही. लोक म्हणाले, पोरगी लाजाळू आहे.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच सांगत होतात. "ठिपका साबूत व्हता. म्या सकाळी बगितला व्हता." दुसऱ्या वर्षी वाडी थोडी खाली सरकली, तरी पावसाच्या तोंडावर माणसं सवयीनं दारात आली, तर तुम्ही हात जोडलेत. "मला इचारू नगा. माझी नजर गेली." तंबाखू सोडलीत. चर साफ करायला जायचात, पण खाली येऊन कुणाला काही बोलायचा नाहीत. आबाचा चुना फसला, असं वाडीत बोललं जायचं, आणि मी माहेरी आले की ते माझ्या कानावर पडायचं. तुमच्यासमोर बसून सांगायचं असं मी दर दिवाळीला ठरवून यायचे. तुम्ही विचारायचात, "शाळा कशी चाललीया?" आणि मी शाळेचंच सांगत बसायचे.

चुना का फसला, ते मला फार उशिरा कळलं, आमच्या घराला गिलावा करताना. गवंडी म्हणाला, बाई, पावसाळ्यात नको, चुना धरत नाही. बस. तुमचा ठिपका उन्हाळ्यात वाळून कडक झालेला असायचा, म्हणून तडकायचा. माझा त्या ओलीत वाळलाच नाही. कणकेसारखा मऊ राहिला, आणि चीर रुंदावत गेली तसा ताणला गेला. अकरा दिवस डोंगर सरकत होता आणि माझा चुना सगळ्यांना सांगत होता की निजलाय. त्या दिवशी मी गवंड्याला चहा द्यायची विसरले.

आता तुमच्या नातवाचं ऐका. जुन्या घराची जागा त्यानं जेसीबी लावून सपाट केली, डोंगराचा पायथा दहा हात आत कापला आणि धरणाच्या पाण्याकडं तोंड करून पावण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. मोठमोठ्या काचा लावल्यात. पुण्याची माणसं शनिवार-रविवार राहायला येतात. तो, बायको आणि लेक मागच्या पत्र्याच्या खोलीत, कापलेल्या डोंगराला टेकून. होळीनंतर मला कौतुकानं बघायला नेलं. मी खोल्या बघितल्याच नाहीत. मी चर शोधत होते. "त्यो बुजवला गं आत्या, गाडी लावायला जागा नगं का?" डोंगराला आधार म्हणून सिमेंटची भिंत उभारली होती, तिला दोन महिन्यांतच चीर पडलेली. "पिलास्टरची हाय ती. समद्या भिंतींना जाती." मी ठिपक्याचं नाव काढलं तर हसायला लागला. "आजोबांचा चुना व्हय? त्यो तर फसला व्हता! समदी वाडी सांगती." आबा, तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हणजे तुमचं सगळं शहाणपण तो ह्या एका गोष्टीवर ओवाळून टाकत होता, आणि ती गोष्ट माझी होती.

त्या दुपारी खाली धाकट्याच्या घरी जेवताना मी दोघा बापलेकांना सगळं सांगितलं. तडकलेला ठिपका, राख, डबी. नातू घास हातात धरून बसला. धाकटा, आता त्याचेही केस पिकलेत, ताट बाजूला सारून म्हणाला, "म्हंजी डबी तुझ्याकडं व्हती?"

"होती."

"आक्का, मला लई लागलं व्हतं गं." आणि त्यानं खरंच कानाला हात लावला. घर गेलं, बैल गेले, आईचा पाय गेला, त्यातलं काही तो बोलला नाही. हात धुवायला उठला तो बाहेरच गेला. पण संध्याकाळी मला एसटीवर सोडायला आला तेव्हा पोराला दरडावून म्हणाला, "आक्का सांगती तसा ठिपका द्यायचा." पुढच्या आठवड्यात मी तुमच्याच डबीत नवा चुना घेऊन परत गेले, गूळ मळला, आणि भर उन्हात त्या सिमेंटच्या भिंतीवर माझ्या हातानं ठिपका दिला. नातवाकडून कबूल करून घेतलं की पाऊस लागला की रोज सकाळी मला मोबाईलवर फोटो पाठवायचा, आणि तडकला की त्याच दिवशी खाली यायचं. तो इमानानं पाठवत होता. 'आत्या, साबूत.' रोज एवढंच.

परवाच्या शुक्रवारीही फोटो आला. 'आत्या, साबूत.' मी चष्मा लावून बघितलं. ठिपका पांढराशुभ्र होता. महिनाभराच्या पावसात, मातीच्या शिंतोड्यांत, पांढराशुभ्र! राख फासायचं त्याला सुचलं नव्हतं. माझ्यापेक्षा कच्चा निघाला. मी फोन न करता तशीच निघाले, मंचरला एक एसटी, घोडेगावला दुसरी, डिंभ्याची तर येतेय की नाही कळेना, शेवटी दुधाच्या गाडीत बसून गेले. नातू दारातच होता, शनिवारच्या पावण्यांसाठी गाद्या घालत. मला बघून त्याचा चेहराच सगळं बोलला. मी भिंतीपाशी गेले आणि ठिपक्याला नख लावलं. सहज आत गेलं. मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? सुनेला म्हटलं, "लेकीला उचल. गॅस बंद कर." तव्यावर खरंच भाकरी होती, आबा. नातू मागून ओरडत होता, "आत्या, दोन दिसाचा तर परश्न हाय! बुकिंग हाय माझं!" मी म्हटलं, मला पण दोनच दिवस हवे होते. त्यावर तो काचेच्या खोल्यांना कुलूप लावून आला.

डोंगर अजून जागेवर आहे. येईल, न येईल, मला ठाऊक नाही. नातू ओसरीत बसून दर तासाला तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारतोय, आणि काही झालं नाही कळलं की माझ्याकडं बघतोय. काल जेवताना म्हणाला, "आत्या, तू नुसत्या फोटूवरनं वळखलंस. मग आजोबांना कसं कळलं न्हाई गं? त्यांनी तर हात लावून बगितला व्हता." सून वाढत होती, धाकटाही आला होता. मी म्हटलं, "नाही कळलं. अंधार होता."

हे पान मी फाडून कुठं देणार नाही. वही पुन्हा ट्रंकेत जाईल, डबीशेजारी. म्हणून इथं लिहिते. दरड उपसत होतो तेव्हा तिसऱ्या दिवशी मला भिंतीचा तो दगड सापडला होता, ठिपक्याचा अर्धा भाग चिकटलेला. चुना तेव्हाही मऊ होता, आणि त्यात एक नख उमटलेलं होतं, खोल, रुंद, अंगठ्याचं. माझ्या बोटांची नखं एवढी रुंद नाहीत. तुम्ही पलीकडं, हातांना फडकी बांधून, कुणाला तरी सांगत होतात की ठिपका साबूत व्हता, माझी नजर गेली. मी दगड पदराआड धरून ऐकत होते. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा तेच सांगायला लागलात. मी अंगठ्यानं तुमचं नख पुसून टाकलं आणि दगड मातीत सोडून दिला.